हळदीचे एकेचाळीस ब्लाउज

मास्तरांच्या दुकानात आरसा नव्हता. शहापूरच्या बाजारात बायकांचे कपडे शिवणारी डझनभर दुकानं असतील. त्यातल्या प्रत्येकात भिंतभर आरसा, वर ट्यूबलाइट आणि बाजूला कुठल्यातरी नटीचं चित्र. मास्तरांच्या भिंतीवर एक कॅलेंडर, एक बंद पडलेलं घड्याळ आणि खिळ्याला टांगलेली कात्री. नवीन गिऱ्हाईक ब्लाउज घालून आतल्या खोलीतून बाहेर आलं की आधी चारी भिंती बघायचं आणि मग विचारायचं, "मास्तर, आरसा?"

"हात वर कर," मास्तर म्हणायचे. "आता खाली वाक. काचतंय?"

"नाय."

"मंग झाला ब्लाउज. आरशात काय बगायचंय? तिथं बाई सोताला बगत नाय, शेजारनीला बगते."

मी त्यांची भाडेकरू होते, सहा वर्षं. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर मी शिकवायचे ती शाळा, आणि मास्तरांच्या दुकानामागची एक खोली हे माझं घर. पुढं दुकान, मध्ये ते नवराबायको, मागं मी. मध्ये एकच पातळ भिंत असल्यामुळं त्यांचं भांडण मला ऐकू यायचं आणि माझा कुकर त्यांना. तीन शिट्ट्यांच्या वर चौथी झाली की पलीकडून आवाज यायचा, "गो बाय, डाळीचं पिठलं झालं!" आता मास्तर नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय आणि त्यात अर्थातच आरसा आहे. परवा त्या रस्त्यानं गेले तर पाय आपोआप पायरीवर चढले, तेव्हा म्हटलं लिहून काढावं.

मी लहानपणापासून अंगानं भरलेली. 'भरलेली' हा स्थळं बघणाऱ्यांचा शब्द. माझ्याबरोबरची वर्गातली मुलं सरळ 'जाडी' म्हणायची आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटायचं, त्यात निदान मखलाशी नव्हती. खोली घेतली त्याच आठवड्यात मी मास्तरांकडं कापड घेऊन गेले आणि म्हटलं, "जरा घट्टच शिवा. दोन महिन्यांत मी बारीक होणार आहे."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "मंग दोन महिन्यांनी ये. ती जी बारीक बाई येईल ना, तिचा तवा शिवू. आज जी आलीय तिचा आज शिवतो."

मला असा राग आला की कापड उचलून निघून जावंसं वाटलं. पण नवी भाडेकरू, गप्प बसले. चार दिवसांनी तो ब्लाउज घालून शाळेत गेले, फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, आणि मग लक्षात आलं की हात वर करताना मी दुसऱ्या हातानं ब्लाउज खाली ओढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ती दोन महिन्यांनंतरची बारीक बाई अजून आलेली नाही, पण तिची वाट बघणं मी त्या दिवसापासून सोडलं.

बायकांचं माप मास्तर स्वतः घेत नसत आणि आकड्यात तर मुळीच घेत नसत. आतल्या खोलीत त्यांची बायको, मी तिला मावशी म्हणायचे, कापडाची एक लांब पट्टी बाईच्या अंगाला लावायची आणि जिथं माप संपेल तिथं अंगठ्याच्या नखानं मोडायची. पट्टी पडद्याबाहेर यायची. मास्तर मोडीवर कात्रीची खूण करायचे आणि पट्टी गुंडाळून ठेवायचे. तिच्यावर नाव नाही, गाव नाही, आकडा नाही. अशा शेकडो पट्ट्या त्यांच्याकडं होत्या आणि कुठली कुणाची ते फक्त त्यांना ठाऊक. मी एकदा म्हटलं, "वहीत लिहून ठेवा की, मास्तर. सोपं पडेल."

"आकडा लिवला का कोनतरी वाचतो," ते म्हणाले. "वाचला का बोलतो. आनि एकदा बोलला का ती बाई जल्मभर तेवढीच ऱ्हाते."

एखादीनं फारच हट्ट धरला, "मास्तर, कंबर किती भरली सांगा ना," तर ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "पुरेशी."

स्वतः मास्तर काठीसारखे वाळलेले आणि मावशी एकटी दोन माणसांएवढी. रस्त्यानं जाताना ते तिच्या सावलीतून चालायचे, असं मावशीच सांगायची आणि हसून हसून खोकायची. मास्तर आपला शर्ट मात्र आठवडे बाजारातून तयार आणायचे, तोही एक नंबर मोठा. खांदे कोपरापर्यंत आलेले असायचे. "स्वतःला का शिवत नाही?" तर म्हणे, "न्हावी सोताची हजामत करतो का? आनि माझ्याकडं बगतो कोन? बगायचं ती घरात हाय, तिला सवय झालीय."

मास्तर शिवताना गायचे. लग्नात बायका जे धवळे म्हणतात ते. त्यांची आई धवळारीण होती. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंतच्या प्रत्येक विधीचं गाणं म्हणायला तिला गावोगाव बोलवायचे आणि हा मुलगा तिच्या पदराला धरून सगळी लग्नं ऐकत मोठा झाला. पुरुषानं धवळे म्हणायचे नसतात. मास्तर म्हणायचे, बारीक, चिरक्या, पण सुरातल्या आवाजात, आणि पायाच्या मशीनवर त्यांचा ठेका चालायचा. सरळ शिवणीला एक चाल, बाहीच्या गोलाईला दुसरी. मागच्या खोलीत वह्या तपासताना मला कळायचं, आता बाही चालू आहे, कारण ओळ उगाच लांबलेली असायची. बाजारातले लोक हसायचे. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. डीजेचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. "ते गानं नाय," म्हणायचे, "ते रस्ता फोडायचं मशीन हाय. लगीन कोनाचं हाय ते तरी त्यात कळतं का?"

राजकारणावर त्यांची मतं पक्की होती आणि ती सगळी शिवणकामातून आलेली. निवडणूक आली की झेंडे, उपरणी, टोप्या यांचं काम यायचं, आणि ते सगळ्यांचं घ्यायचे. उमेदवाराचा सदराही शिवायचे. एकदा मला त्यातली युक्ती सांगितली. "निवडनुकीच्या आदी बगल सैल ठेवायची. दिवसभर नमस्कार करायला हात वर जायला पायजे ना. निवडून आल्यावर तोच मानूस येतो, म्हनतो पोटात सैल करा. बगलेचं नावच काढत नाय." उरलेल्या झेंड्यांच्या कापडाची मावशी गोधडी शिवायची. थंडीत मला एक दिली होती. तिच्यात तालुक्यातले एकूण एक पक्ष होते. "आमच्या घरात सगळे एकाच पांघरुनात झोपतात," मास्तर म्हणायचे. "वर मुंबईत युत्या झाल्या तेच्या लई आदीपासून."

त्यांचे दोन हट्ट होते आणि त्या दोन्हींनी गिऱ्हाइकं पळवली. पहिला, शिवण्यात आपलं चुकलं असं ते कधी म्हणत नसत. ब्लाउज घट्ट झाला तर कापड आटलं, सैल झाला तर माप देताना तू श्वास धरलेलास. मी सहा वर्षं त्यांच्या भिंतीमागं राहिले, 'चुकलं' हा शब्द त्या भिंतीतून माझ्याकडं आला नाही. मावशीला तर लग्नापासून ऐकायला मिळाला नव्हता.

दुसरा हट्ट कापसाचा. आता सगळीकडं छातीला पॅड लावलेले ब्लाउज शिवतात. कॉलेजच्या मुली मोबाइलवर फोटो घेऊन यायच्या, "मास्तर, असा." मास्तर फोटो बघायचे, मोबाइल परत द्यायचे आणि म्हणायचे, "कापूस उशीत भरायचा. मानसात नाय." मुली शेजारच्या दुकानात जायच्या. मीसुद्धा एकदा मागितला होता. एक स्थळ बघायला येणार होतं, आणि माझ्या मैत्रिणीनं सांगितलं होतं की पॅडनं अंग बांधेसूद दिसतं. मास्तर म्हणाले, "हाय ते हाय. तो काय तुला उशाला घेनाराय का?" मावशीनं आतून त्यांना शिवी हासडली. मी तीन दिवस त्यांच्याशी नुसत्या भाडेकरूसारखी वागले.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव वैशाखऱ्याजवळ, मुरबाडहून माळशेजकडं जाणाऱ्या रस्त्यावर. आई तिथल्या सगळ्या बायकांत उंच, आणि फुगडीत तिला हरवणारी बाई मी बघितली नाही. एका वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं आणि तिचा डावा स्तन काढावा लागला. आई वाचली. पण गावात तिनं 'पोटातली गाठ काढली' असंच सांगितलं. खरं घरातल्या चौघांनाच माहीत: ती, वडील, भाऊ आणि मी. त्या दिवसापासून ती डाव्या बाजूला पदराच्या तीन घड्या घ्यायची, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, आणि तिचा एक खांदा वाकत चाललेला मला दिसत होता.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. थोरलीच्या आधी धाकट्याचं, यावर गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. ते सोडून देऊ. खरी अडचण हळदीची होती. आमच्याकडं लग्नापेक्षा हळद मोठी. भावकीतल्या झाडून सगळ्या बायका एकसारख्या साड्या आणि एकसारखे ब्लाउज घालतात, पिवळेच, म्हणजे हळद दिसत नाही. आणि मग एकमेकींना हळद फासतात, पाणी उडवतात, मिठ्या मारतात, नाचतात. नवऱ्याची आई मधोमध. तिला ओढूनच नेतात.

आई मला म्हणाली, "मी त्या दिवशी आजारी पडनार हाय. ताप आला म्हनेन. माझ्या जागी तू उभी ऱ्हा."

"आई, तुझ्या मुलाची हळद आहे."

"माज्या पोराची हाय म्हनूनच. लोकं हळद बगाया येतील, मला नाय." एवढं बोलून ती दुसरीकडं बघायला लागली. माझ्या आईला कधी कुठल्या समारंभात मागं उभी राहिलेली मी बघितली नव्हती, आणि ती आता स्वतःच्या मुलाच्या हळदीला अंथरुणात तोंड लपवून पडणार होती. मला ते सहन होत नव्हतं आणि काय करावं तेही कळत नव्हतं.

ब्लाउजांचं काम मास्तरांकडंच आलं. एकाच ठाणाचे एकेचाळीस. माझ्या धाकट्या काकूनं, म्हणजे आईच्या जावेनं, भावकीतल्या बायकांचे मापाचे जुने ब्लाउज एका गोणीत भरून टेंपोतून पाठवले. आई ऑपरेशननंतरच्या तपासणीसाठी आलेली, माझ्याकडंच उतरलेली. तिनंही आपला एक जुना ब्लाउज मास्तरांपुढं ठेवला. ऑपरेशनच्या आधीचा.

मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला. एकदा आईकडं बघितलं, म्हणजे तिच्या खांद्यांकडं. मग म्हणाले, "ह्याची शिवन उसवलीय, वयनी. नवीन माप लागंल."

शिवण उसवलेली नव्हती. तो ब्लाउज मीच घडी करून आणला होता.

मावशी आईला आत घेऊन गेली. नेहमीपेक्षा वेळ लागला. मग पडद्याच्या फटीतून मावशीचा हात बाहेर आला, त्यात एकीच्या जागी दोन पट्ट्या होत्या. एक उजव्या बाजूची, एक डाव्या. मास्तरांनी त्या घेतल्या, शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ कॅलेंडरकडं बघत बसले. आई बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "हळद कदी हाय, वयनी?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर दुकानात कापसाचं गाठोडं.

"हे काय?"

"सगळ्या ब्लाउजांना कापूस लावनार हाय," मास्तर म्हणाले. "एकेचाळीसच्या एकेचाळीस. फ्याशन हाय."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं नाही म्हणालात! उशाला घेणार का म्हणालात!"

"तवा फ्याशन नव्हती."

"होती!"

"माझ्यापत्तुर आली नव्हती," असं म्हणून त्यांनी मशीन सुरू केली आणि वर गाणंही. मला वाटलं, म्हातारा बदलला. आणि त्याहून वाईट म्हणजे सगळ्या बायका फुगवलेल्या छातीनं मिरवणार आणि त्यात माझी आई. मी दार आपटून आत गेले.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मावशी मागच्या अंगणात चुलीवर तवा ठेवून नाचणी भाजत बसली होती. मूठभर. मी विचारलं, "एवढीशी नाचणी कशाला भाजतेस?"

"भिजली तर मोड येतील गो," ती म्हणाली. "हळदीला पानी उडतं ना."

मला काही समजेना. मग तिनं तवा खाली घेतला आणि हळू आवाजात सांगितलं. आईच्या डाव्या बाजूला कापसात नाचणीची पुरचुंडी बसवायची होती. नुसता कापूस हलका पडतो, अंग एका बाजूला ओढतं, म्हणून तो खांदा वाकलेला. वजन दोन्हीकडं सारखं पाहिजे. आणि बाकी चाळीस जणींना कापूस का? "एकटीलाच लावला तर दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातल्यावर दिसंल ना. चाळीस सपाट आनि एक फुगलेला. लगेच बाया इचारतील, हा कोनाचा? आनि हळदीत कोन मिठी मारंल, कोनाचा हात लागंल. सगळ्यांच्याच हाताला कापूस लागला का कोन काय बोलनार नाय. ह्ये मी नाय सांगितलं, त्यांनीच रातभर इचार करून काढलं."

मी तिथंच चुलीशेजारी बसले आणि रडले. मावशीनं मला रडू दिलं आणि नाचणी पाखडून घेतली.

आई पुन्हा आली तेव्हा ब्लाउज तयार होता. ती घालून बाहेर आली. दोन्ही खांदे एका रेषेत. मास्तर म्हणाले, "हात वर करा, वयनी. वाका. आता फुगडी घाला."

"हितं?"

"मंग काय हळदीत पयल्यांदा घालनार? बाय, धर आईचे हात."

मावशीनं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि त्या पाच फूट जागेत मी आणि आई फुगडी खेळलो. मी भरलेली, ती उंच, दोनदा शिवणयंत्राला धक्का लागला. आई धापा टाकत थांबली, तिनं छातीवर हात ठेवला आणि जागच्या जागी आहे असं कळल्यावर ती हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. मावशी म्हणाली, "भाजलीय हां, मोड येनार नायत."

"आले तरी आले," आई म्हणाली. "सत्त्व काढीन. नातवाला होईल." मास्तर एकदम कात्रीला धार आहे की नाही ते बघायला लागले.

हळदीला आई मधोमध उभी राहिली. बायकांनी तिला ओढली, फासली, भिजवली, कडकडून मिठ्या मारल्या. ती सगळ्यांना पुरून उरली. कापसावर तर बायका बेहद्द खूश होत्या. मास्तर सुधारले, म्हणत होत्या. मास्तर मांडवाबाहेर खुर्चीत चहा घेऊन बसलेले. डीजे सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्या बायका धवळा म्हणत होत्या आणि एका ओळीवर अडल्या, तेव्हा बाहेरून बारीक, चिरक्या आवाजात पुढची ओळ आली. सगळ्या हसल्या आणि ती ओळ उचलून पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात दोरीवर एकत्र धुतलेले एकेचाळीस ब्लाउज वाळत होते, सगळे सारखे फुगलेले. त्यात आईचा कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. आणि घोळ झाला तो तिथंच. मास्तर कापडावर नाव घालत नाहीत. संध्याकाळी ज्या बाईच्या हाताला जो ब्लाउज आला तो तिनं आपला म्हणून नेला. काकू आणि आई बांध्यानं सारख्या. आईचा ब्लाउज काकूकडं गेला. आईनं तिच्या वाटचा नंतर उचलून बघितला असणार, तिला लगेच कळलं असणार. पण मागायचा कसा? तिनं तो घडी घालून ठेवून दिला.

महिनाभरानं काकू दुसऱ्या एका हळदीला तो ब्लाउज घालून गेली आणि त्याच आठवड्यात पिशवीत घालून थेट शहापूरला आली. मी दुकानातच होते. तीन गिऱ्हाइकं उभी होती.

"मास्तर, ह्यो कसला ब्लाउज?" काकूनं तो टेबलावर टाकला. तिनं आतली शिवण थोडी उसवली होती आणि टेबलावर नाचणीचे चार दाणे सांडले. "एका बाजूला जड, एका बाजूला हलका. दिवसभर माजा पदर घसरत होता. कापसात नाचनी भरलीस तू? आमी काय कोंबड्या हाव?"

गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. मास्तरांनी ब्लाउज उचलला, दाणे एका बोटानं गोळा केले. ज्या माणसानं आयुष्यात शिवण्यात चुकलं असं मान्य केलं नव्हतं तो माझ्यादेखत म्हणाला, "चुकलं माजं, वयनी."

मावशी पडद्याआडून पुढं आली. "माझ्या सुपातली सांडली असंल, मी बाजूलाच पाखडत होते..."

"तुजं काय नाय," मास्तर म्हणाले. "माजंच चुकलं. म्हातारा झालो. डोळं गेलं. आता दिसत नाय नीट. ठेवून जा, नवीन शिवून देतो."

ही गोष्ट बाजारभर व्हायला दोन दिवस लागले. कुणीतरी 'नाचणी मास्तर' असं नाव पाडलं. ज्यांना आरसा नसल्याचा राग होता, ज्यांना कापूस मिळाला नव्हता, त्या सगळ्यांनी ते उचललं. गौरी-गणपतीच्या आधी ज्या पायरीवर बायका वाट बघत बसायच्या तिथं कुत्रं झोपायला लागलं. मावशी दुपारी दुकानात नुसती बसून राहायची. भिंतीतून गाणं यायचं बंद झालं.

मी मास्तरांना म्हटलं, "मी काकूला सांगते खरं काय ते. मला हे बघवत नाही."

ते एवढे रागावलेले मी कधी बघितले नव्हते. "तुजं अंग हाय का ते? नाय ना? मंग तुजं तोंड कशाला? आईला पन सांगायचं नाय. माजं नाव गेलं तर माजं गेलं. तिला आता कुटं जरा हसू आलंय."

मी शब्द दिला आणि पाळला.

नव्या सुनेच्या पायगुणासाठी म्हणून घरी सत्यनारायण घातला होता. आदल्या दुपारी भावकीतल्या बायका पडवीत तांदूळ निवडायला बसलेल्या. आई नारळ खवत होती. बोलता बोलता कुणीतरी ब्लाउजाचा विषय काढला आणि काकूनं सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. नाचणी, पदर, मास्तरांचं तोंड. "मला म्हनतो डोळं गेलं. डोळं गेलं तर दुकान बंद कर ना, बाबा. आता कोन जात नाय तेच्याकडं. माशा मारतो बसून." सगळ्या हसल्या. मी आईकडं बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा हात खवणीवर थांबला होता.

ती उठली. आत गेली. मला वाटलं रडायला गेली आणि मी उठणार, एवढ्यात ती परत आली, हातात तो दुसरा ब्लाउज. तिनं तो काकूच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुजा," आई म्हणाली. "दोरीवरून बदलला. तू नेलास तो माजा."

आईनं डाव्या बाजूच्या पदराची एक घडी सोडली, मग दुसरी, मग तिसरी. "माजं पोटातलं आपरेशन नाय झालं. हितलं झालं. मास्तर आंधळा नाय. त्यानं माझ्या एकटीसाठी तुमां चाळीस जनींना कापूस लावला, कोनाला कळू नये म्हनून. ती नाचनी चुकून नाय भरलेली. ती माजी हाय."

सुपातले तांदूळ सुपात. मग काकू उठली, आईच्या डाव्या बाजूला जाऊन तिला खेटून बसली आणि नारळाची दुसरी वाटी घेऊन खवायला लागली. डोळ्यांतल्या पाण्यानं तिला दिसत नव्हतं, करवंटी खवत होती. "येवडं हुतं तर मला सांगायचं ना गो," ती म्हणाली. "मी काय परकी?"

सोमवारी शाळेतून आले ती थेट दुकानात गेले. मास्तर बाहीची हातशिलाई करत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"सगळ्यांसमोर बोलली?"

"हो."

"सोता?"

"हो. पदर सोडून."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि शर्टाच्या त्या लोंबत्या बाहीनं तोंड पुसलं. मावशी पडद्याशी उभी राहून उघड रडत होती. "म्हंजे माजे चाळीस ब्लाउज उगाच बिगडले," मास्तर कुरकुरले. हातातला दोरा संपला होता. त्यांनी रिळातून नवा तोडला, टोक ओठात धरून ओलं केलं आणि सुई उजेडाकडं धरली. चष्मा टेबलावरच होता, डोळ्यांतलं पाणी गालावर आलेलं होतं, आणि दोरा पहिल्याच खेपेला सुईतून आरपार गेला.